काइटबोर्डिंगसाठी हार्नेस निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांतून रामेश्वरम, तूतुकुडी किंवा गोव्याला काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाण्याचा खेळ) शिकायला निघालेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. आपल्याकडे समुद्रही लांब आणि असलं सामान विकणारं दुकानही लांब. त्यामुळे हार्नेस अंगावर चढवून पाहता येत नाही, पार्सल घरी आल्यावरच तो पहिल्यांदा हातात पडतो. म्हणून माप कसं घ्यायचं आणि घरच्या घरी तपासायचं कसं, यावर इथे जास्त लिहिलं आहे.

हार्नेसचं नेमकं काम काय?

काइटची ओढ हातांवर न येता कंबरेवर किंवा बसकेवर यावी, एवढ्यासाठी तो असतो. पोटासमोर स्टीलचा आडवा दांडा येतो, त्याला स्प्रेडर बार म्हणतात. त्याच्या मध्यावर हुक असतो. काइटच्या कंट्रोल बारखाली एक जाड गोल कडं असतं, चिकन लूप. ते या हुकात अडकतं आणि त्यामागे एक लवचीक दांडी खोचतात, म्हणजे ते आपोआप सुटत नाही. यानंतर हातांना दोनच कामं उरतात: काइटला दिशा देणं आणि बार पुढे-मागे करून ओढ कमी-जास्त करणं. पंधरा-वीस मिनिटांत दंड भरून येत असतील तर बहुतेक वेळा दोष हार्नेसचा नसतो. बार घट्ट आवळून धरण्याची सवय त्याला कारणीभूत असते.

कोर्सला जाण्याआधीच विकत घ्यावा का?

घेऊ नका. शिकवणाऱ्या शाळा कोर्सच्या काळात हार्नेस देतात. तिथे एक दिवस कंबरेचा आणि एक दिवस बसकेचा मागून घ्या. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा आणि कोणता पट्टा किती ओढल्यावर बरा वाटला, हे वहीत लिहून ठेवा. आठ-दहा तास पाण्यात घालवल्यावर तुमच्या अंगाला काय टोचतं हे तुम्हाला जेवढं कळलेलं असेल, तेवढं कोणताही तक्ता सांगू शकत नाही.

कंबरेचा घ्यावा की बसकेचा?

कंबरेचा हार्नेस रुंद पट्ट्यासारखा कमरेभोवती बसतो. बसकेच्या हार्नेसला मांड्यांमधून जाणारे दोन पट्टे असतात, त्यामुळे हुक खाली राहतो. तिसरा प्रकार चड्डीसारखा असतो. तो बसकेचाच, फक्त पट्ट्यांच्या जागी शिवलेली चड्डी येते.

फरक कळायला ओढीची दिशा लक्षात घ्या. नवशिक्याचा काइट बराच वेळ डोक्यावर उभा असतो, म्हणजे ओढ सरळ वर. कंबरेच्या हार्नेसला खाली धरून ठेवणारं काहीच नसतं, म्हणून तो सरकत सरकत बरगड्यांवर येतो. बोर्डवर उभं राहून त्याची कड पाण्यात दाबून जायला लागलं की काइट खाली येतो, ओढ आडवी होते आणि तोच हार्नेस जागेवर राहतो. पहिल्या आठवड्यात ज्याने छळलं तोच हार्नेस पुढे आवडतो, तो यामुळे.

आमचं मत असं: सडपातळ आणि कंबर-नितंबात फारसा फरक नसलेल्या मुलांनी, पोट सुटलेल्यांनी आणि धड आखूड असलेल्यांनी बसकेच्या हार्नेसवर शिकावं. आपल्याकडची शेतात राबणारी पोरं बहुधा पहिल्या गटात मोडतात. कंबरेला आकार आहे, पोहणं पक्कं आहे आणि पुढे उड्या मारायच्या आहेत, अशांनी सुरुवातीपासून कंबरेचा वापरला तरी चालेल. त्यात धड मोकळं राहतं, वळता येतं. बसकेच्या हार्नेसमध्ये माणूस थोडा खुर्चीत बसल्यासारखा वाकतो आणि ती सवय मोडायला नंतर वेळ लागतो. हा त्याचा खरा तोटा आहे.

माप कसं घ्यायचं? पँटचा नंबर चालतो का?

पँटचा नंबर चालत नाही. पँट कंबरेच्या हाडाखाली बसते आणि लेबलवरचा आकडा खऱ्या मापाशी जुळेलच असं नाही. गावातल्या शिंप्याची टेप घ्या आणि उघड्या अंगावर, बेंबीच्या रेषेत, टेप चारी बाजूंनी सारख्या उंचीवर ठेवून मोजा. पोट आत ओढायचं नाही, श्वास सहज सोडून मोजायचं. बसकेच्या हार्नेससाठी नितंबांचा सर्वांत रुंद घेरही घ्या. दोन्ही मापं इंच आणि सेंटिमीटरमध्ये लिहा, कारण तक्ते दोन्ही प्रकारचे असतात.

मग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा तक्ता पाहा. एका कंपनीचं ‘एम’ दुसरीच्या ‘एस’च्या जवळ जातं. ३२ इंचांच्या आसपासची कंबर बऱ्याच तक्त्यांत ‘एम’मध्ये येते, पण एवढ्यावर पैसे भरू नका. दोन मापांच्या मधोमध असाल तर लहान घ्या. ओला झाल्यावर आणि काही दिवस वापरल्यावर हार्नेस सैल पडतो, आवळत मात्र नाही. परदेशी सल्ल्यांत वेटसूटसाठी, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या जाड रबरी पोशाखासाठी, जागा सोडायला सांगतात. रामेश्वरमच्या कोमट पाण्यात पातळ बनियन किंवा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला चिकटणारा पातळ सदरा) पुरतो, म्हणून ती जागा सोडायची गरज नाही.

पार्सल उघडल्यावरची पहिली खूण अशी: पट्टे पूर्ण आवळल्यावर हार्नेसची पुढची दोन टोकं एकमेकांना भिडता कामा नयेत. मधे चार-पाच बोटांची फट राहायला हवी. टोकं भिडली म्हणजे आवळायला जागाच उरली नाही, हार्नेस मोठा आहे, परत पाठवा. आणि पट्टे जेमतेम बकलात शिरत असतील तर लहान आहे.

समुद्र नाही, मग तो बरा बसतो की नाही हे घरी कसं तपासायचं?

आरशासमोर घालून काहीच कळत नाही. उभ्या अंगावर सगळेच हार्नेस बरे वाटतात. खरं रूप भार पडल्यावर दिसतं, म्हणून दोन चाचण्या करा. दोन्ही वेळी जवळ एक धडधाकट माणूस हवाच. टॅग काढू नका, अंगात स्वच्छ कपडे घाला, म्हणजे परत करता येईल.

पहिली चाचणी ओढ वर असतानाची. घराचं मजबूत आढं किंवा धुऱ्यावरच्या निंबाची जाड फांदी निवडा. वाळवी लागलेलं लाकूड नको आणि टिनाच्या शेडचा पाइप तर मुळीच नको. बैल बांधायचा नवा जाड दोर वरून टाकून छातीच्या उंचीवर पक्का फास करा आणि तो हुकात अडकवा. गुडघे हळूहळू वाकवून वजन दोरावर द्या. पाय जमिनीला टेकलेले राहू द्या, म्हणजे वाटेल तेव्हा उभं राहता येतं. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत, मग उभं राहून पाय झाडा आणि पुन्हा लटका. असं चार-पाच वेळा करा. पायांना मुंग्या आल्या, गरगरलं, तर लगेच थांबायचं.

दुसरी चाचणी ओढ पुढून असतानाची, म्हणजे बोर्डवर चालल्यासारखी. तोच दोर झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर बांधा, हुकात अडकवा आणि टाचा रोवून मागे झुका. हात मोकळे सोडा.

लटकताना या जागा बघा. हुक बेंबीजवळ किंवा किंचित खाली राहिला पाहिजे. तो छातीच्या हाडाकडे चार बोटांहून जास्त सरकला तर माप किंवा प्रकार चुकला आहे. सोबत्याला पाठीमागे, कंबरेच्या खोलगट भागात, तळहात सरकवायला सांगा. हात सहज आरपार गेला तर तिथे पोकळी आहे आणि सगळा भार वरच्या व खालच्या कडेवर येतो. पोकळी नको. सर्वांत खालच्या बरगडीवर आणि कंबरेच्या दोन टोकदार हाडांवर कड रुतते का, ते बोटाने चाचपा. खोल श्वास घेऊन पाहा, घशापर्यंत दाब वाटता कामा नये. शेवटी हार्नेस काढून कातडीवरचे वळ बघा. सगळीकडे सारखी फिकट लाली असेल तर ठीक. एकाच रेषेत गडद वळ उठला असेल तर पाण्यात दोन तासांनी तिथे साल निघणार.

हार्नेस सारखा बरगड्यांवर चढतो. काय चुकतं?

आधी आवळण्याची पद्धत सुधारा. बरेच जण उभ्याने एकदा ओढतात आणि पाण्यात उतरतात. किंचित पुढे वाकून, हार्नेस कंबरेच्या हाडांवर टेकवून, श्वास पूर्ण सोडून दोन्ही बाजू सारख्या ओढा. मग दोन मिनिटं चाला, पुन्हा श्वास सोडा, पुन्हा ओढा. पाण्यात दहा मिनिटं भिजल्यावर तिसऱ्यांदा. ओला पट्टा ताणतो, म्हणून ही तिसरी ओढ चुकवू नका.

तरी चढत असेल तर हार्नेस मोठा आहे, किंवा स्प्रेडर बार जास्त लांब आहे, किंवा काइट उगाच डोक्यावर ठेवला जातो आहे. शेवटचं कारण सरावाने जातं. काही कंबरेच्या हार्नेसना मांडीचे जोडपट्टे लावता येतात. शिकण्याच्या काळात तेही कामाचे.

स्प्रेडर बार बदलता येतो का?

येतो, आणि पुष्कळ दुखणी फक्त त्याने थांबतात. बार साधारण कंबरेच्या दोन पुढच्या हाडांमधल्या अंतराएवढा असावा. आखूड असला तर पट्टे आत ओढले जातात आणि बरगड्या दोन्हीकडून दाबतात. लांब असला तर पट्टे लवकर संपतात आणि पुरेसं आवळताच येत नाही. बारामागे फोमची गादी असली पाहिजे, नाहीतर स्टील थेट पोटावर घासतं. बार तिरका राहत असेल तर एका बाजूचा पट्टा जास्त ओढला गेला आहे. दोन्हीकडे मार्करने खूण करून ठेवा. बारचं बकल आणि बार एकाच कंपनीचे घ्या, दुसऱ्याचे बहुधा नीट बसत नाहीत.

कडक पाठीचा चांगला की मऊ?

कडक पाठ भार रुंद जागेवर पसरवते आणि आवळली तरी अंगाभोवती गुंडाळली जात नाही. पण ती तिच्या आकाराची असते. तुमच्या पाठीशी जुळली तर उत्तम, नाही जुळली तर वाकवून जुळवता येत नाही. मऊ पाठ अंगाचा आकार घेते, मात्र जोराच्या ओढीत दोन्ही बाजूंनी चिमटते. घालून न पाहता मागवायचा असेल तर मध्यम कडक घ्या. सर्वांत महागडी कडक पाठ पार्सलने मागवणं म्हणजे जुगार आहे.

लाइनमनचा सेफ्टी बेल्ट किंवा टॉवरवर चढायचा हार्नेस चालेल का?

नाही. त्याची कडी पाठीवर किंवा बाजूला असते. पडणाऱ्या माणसाला धरून ठेवणं हे त्याचं काम. काइटच्या हार्नेसमध्ये ओढ पुढून घ्यायची असते आणि वेळ आली तर एका झटक्यात सुटायचंही असतं. डोंगर चढायच्या हार्नेसची कडी पुढे असते, पण तोही माणसाला धरून ठेवण्यासाठीच असतो, झटक्यात सुटण्यासाठी नाही. म्हणून तोही नको.

अंगात काय घालावं?

अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि नाडी नसलेली चड्डी. नाडीची गाठ हार्नेसखाली आली की तासाभरात पोटात रुतते. आपल्याकडे अनेकांच्या कमरेला करदोडा असतो. नेमका त्याच रेषेवर हार्नेस बसतो, आणि मिठाच्या पाण्यात करदोड्याची गाठ किंवा चांदीची कडी कातडी सोलून काढते. तो काढून ठेवा. काढायचा नसेल तर हार्नेसच्या खालच्या कडेखाली सरकवून चिकटपट्टीने बसवा. मंगळसूत्र, माळ, गंडेदोरे किनाऱ्यावरच ठेवलेले बरे, दोऱ्यांत गुंतण्याचा धोका असतो. खिशात काहीही नको.

बसकेच्या हार्नेसच्या मांडीपट्ट्यांखाली लांब चड्डी हवी. पट्टा आणि मांडी यांच्यात सपाट तळहात जाईल इतकाच सैल ठेवा आणि उकिडवं बसून पाहा. बसता आलं तर बरोबर.

मुलींसाठी वेगळा असतो का?

असतो. महिलांच्या मॉडेलमध्ये कंबरेचा वळसा जास्त आणि पाठीची उंची कमी असते, त्यामुळे वरची कड बरगड्यांना कमी लागते. नितंब रुंद असल्याने कंबरेचा हार्नेस अनेक मुलींना पहिल्या दिवसापासून बरा बसतो. उंची कमी असेल तर पाठीची उंची टेपने मोजा: सर्वांत खालची बरगडी ते कंबरेचं हाड एवढ्यात तो मावला पाहिजे. लहान चणीच्या मुलामुलींसाठी एक्सएस आणि मुलांची मापंही मिळतात. मोठा घेऊन आत फडकी भरण्याचा उपाय करू नका.

पाठीचं दुखणं आहे, हर्निया आहे. घालू का?

डॉक्टरांना हार्नेसचा फोटो दाखवून विचारा. नुसतं ‘पाण्यातला खेळ’ सांगितलंत तर ओढ कंबरेवर येते हे त्यांच्या लक्षात येणार नाही. गरोदरपणात हा खेळ नकोच.

लाइफ जॅकेट वरून घालायचं का?

होडीतलं लांब जॅकेट हार्नेससोबत चालत नाही. ते हुकावर येतं आणि सुटकेची कळ, म्हणजे काइट झटक्यात सोडायची कळ, झाकतं. काइटसाठी कमरेच्या वर संपणारं आखूड जॅकेट मिळतं. इम्पॅक्ट व्हेस्ट मात्र मार कमी करण्यासाठी असतो. असे बरेचसे व्हेस्ट पूर्ण तरंगवत ठेवणारे नसतात, लेबल वाचा. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्यांनीही आधी मोकळ्या पाण्यात, लाटांत, काठ नसताना तरंगायचा सराव करावा. विहिरीत चार हातांवर भिंत असते, समुद्रात ती नाही.

लीश कुठे अडकवायचा, आणि चाकू कशाला?

लीश म्हणजे काइट सोडल्यावरही तो निष्प्रभ होऊन तुमच्याशी बांधलेला राहावा यासाठीची दोरी. शिकताना ती हार्नेसच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडीला लावा. पाठीमागच्या कडीला लावली तर काइट तुम्हाला पाठीवर ओढत नेतो आणि कळीपर्यंत हात पोचत नाही.

सुटकेचा क्रम पाठ करा: आधी चिकन लूपची कळ, तरीही ओढ थांबली नाही तर लीशची कळ. डोळे मिटून, दोन्ही हातांनी आळीपाळीने, जमिनीवर वीस वेळा करा. चिकन लूपच्या कळीसारख्या सुटका-यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं. कंट्रोल बार घेताना त्याचा उल्लेख शोधा. हार्नेसच्या खिशातला आकडेदार चाकू दोऱ्या कापण्यासाठी असतो. तो गंजतो, म्हणून महिन्यातून एकदा बाहेर काढून सुतळीवर चालवून पाहा.

गावातल्या वावरात सराव करता येईल का?

दोन-तीन चौरस मीटरचा ट्रेनर काइट उडवता येतो, पण फक्त हातात धरून. हार्नेसला अडकवायचा नाही. सोयाबीन निघाल्यावरचं मोकळं वावर चांगलं. पऱ्हाटी उभी असेल तर नको, दोऱ्या अडकतात. कृषिपंपाच्या विजेच्या तारा आणि कठडा नसलेल्या विहिरी यांपासून दोऱ्यांच्या लांबीच्या कितीतरी पट लांब राहा. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी वावटळी उठतात, तेव्हा आणि आभाळ गडगडत असताना काइट बाहेर काढायचाच नाही. काइट सोडून देता येईल ही खात्री असू द्या.

गोसीखुर्द धरणाच्या किंवा खिंडसी तलावाच्या पाण्यावर?

शिकण्यासाठी नाही. टेकड्या आणि झाडांमुळे वारा झटक्यांचा असतो, धरणात बुडालेली झाडं असतात, वाचवायला होडी मिळेलच असं नाही, आणि परवानगीचा प्रश्न आहेच. शिकायचं ते उथळ, सपाट पाण्यावर. रामेश्वरमला साधारण मे ते सप्टेंबर आणि पुन्हा हिवाळ्यात वारा लागतो.

वापरलेला हार्नेस घ्यावा का?

हातात घेऊन तपासता येत असेल तर घ्या. पट्ट्याचा रंग उडून तो खरखरीत झाला असेल तर उन्हाने धागा मेला आहे, सोडा. हुकाच्या आतल्या वळणावर नख फिरवा, खाच लागली तर बार बदलावा लागेल. तपकिरी डाग पुसले जातात. पण वेल्डिंगपाशी केसासारखी रेघ दिसली तर ती चीर असते. बकलचे दात, पट्टा जिथे पाठीला शिवलेला असतो ती शिलाई आणि फोम दाबल्यावर परत फुगतो का, हे बघा. विकणाऱ्याची कंबर किती, हे आधी विचारा.

शिलाई उसवली. मोच्याकडून शिवून घेऊ का?

वरचं कापड, कडेची मऊ पट्टी, चाकूचा खिसा खुशाल शिवून घ्या. भार घेणारा पट्टा मात्र शिवू नका. सुती दोरा मिठाच्या पाण्यात कुजतो आणि जाड सुईने पट्ट्याचे धागे तुटतात. तो पट्टा कंपनीचाच बदलावा, किंवा हार्नेस बाद करावा.

घरी आल्यावर निगा कशी राखायची?

गोड्या पाण्याच्या टपात अर्धा तास बुडवा, दोनदा पाणी बदला, बकलांतून वाळू निघेपर्यंत हलवा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरच्या पाण्याने धुऊन उपयोग नाही, मीठ तसंच राहतं. पिण्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. साबण नको.

वाळवायचा सावलीत, वाऱ्यावर. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात टिनावर टाकलेल्या हार्नेसचा फोम आणि चिकटवलेले थर सुटतात. पूर्ण वाळायला दोन दिवस लागू शकतात. पावसाळ्यात जास्त, कारण फोम आतून ओला राहतो आणि बुरशी धरतो. वाळल्यावर पट्टे सैल सोडून, बार उघडून, खुंटीला किंवा आढ्याला तारेने टांगा. धान्याच्या कोठीजवळ जमिनीवर ठेवला तर घामाच्या वासाने उंदीर पट्टे कुरतडतात. फवारणीची औषधं आणि खतं असलेल्या खोलीत ठेवूच नका, ती वस्तू पुन्हा उघड्या अंगावर घालायची असते.